कोल्हापुरीचे मालक दोन, पण एकत्र बसायला टेबल एकही नाही

बेळगाव : अथणी तालुक्यातल्या मदभावीत बनलेली चप्पल कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये विकली जाते आणि घेणारा तिला कोल्हापुरीच म्हणतो. यात फसवणूक काही नाही, कारण कायद्यानेही ती कोल्हापुरीच आहे. भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे जीआयच्या नोंदीत कोल्हापुरी चपलेचे आठ जिल्हे आहेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. मालकही दोन आहेत : महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ म्हणजे लिडकर.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तिथे जी दोन सरकारं एकमेकांविरुद्ध उभी आहेत, त्यांचीच दोन महामंडळं इथे एका हक्काची सहमालक आहेत. सीमाभागात दोन राज्यांनी मिळून काही कमावल्याची उदाहरणं फार नाहीत. हे त्यातलं एक. त्यामुळे या भागीदारीचं पुढे काय होतं, हा प्रश्न चपलेपुरता राहत नाही.

हे मानांकन मिळालं कसं?

जीआयचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. एखाद्या मालाची ओळख, दर्जा किंवा नाव त्या भागाशी जोडलेलं असेल, तर ते नाव त्या भागातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवायचं, एवढी साधी कल्पना. पैठणी, हापूस, म्हैसूर सिल्क ही आपल्या ओळखीची नावं.

कोल्हापुरीचा अर्ज २००९ मधला. मानांकन मिळाल्याचं जाहीर झालं ते २०१९ मध्ये. मधल्या काळात दोन्ही राज्यांत ओढाताण झालीच. कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की आपण समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना महाराष्ट्र हे मानांकन एकट्यासाठी मागत होता आणि लिडकरने त्याला विरोध करून कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा वाटा राखला. महाराष्ट्रात हा दावा सगळ्यांना पटेलच असं नाही. शेवट मात्र दोघांच्याही फायद्याचा झाला. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याला मानांकन मिळालं असतं, तर अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागच्या कारागिरांना स्वतःच्याच मालाला कोल्हापुरी म्हणता आलं नसतं. आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पुरवठा एका रात्रीत ‘नकली’ ठरला असता.

कारण हा धंदा कधीच एका गावात मावणारा नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायचं, तळ कापायचे, पट्टे आणि कान लावायचे, वेणी घालायची, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवायचं, ही कामं वेगवेगळ्या हातांनी होतात. वेणी आणि शिवणीचं बरंच काम घरातल्या बायका करतात. राजर्षी शाहू महाराजांनी या कलेला आश्रय दिला, बाजारपेठ कोल्हापुरात वाढली, म्हणून नाव कोल्हापूरचं लागलं. बनवणारे हात मात्र कृष्णेच्या आणि घटप्रभेच्या खोऱ्यातही होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्याचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा या धंद्याच्या मधून रेष गेली.

प्राडाच्या वादातून काय दिसलं?

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चरने कंपनीला पत्र लिहिलं आणि या डिझाइनची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचं कंपनीने मान्य केलं.

इथे कायद्यातली एक गोम समजून घ्यायला हवी. जीआय नावाला संरक्षण देतो, आकाराला नाही. ‘कोल्हापुरी’ हे नाव न वापरता कुणी तशी दिसणारी चप्पल विकली, तर जीआय कायद्याने त्याला अडवणं अवघड असतं. डिझाइनची वेगळी नोंदणी होते, पण ती नव्या डिझाइनची. शेकडो वर्षं चालत आलेल्या नमुन्याला ती मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. हक्काचा भंग झाला असेल तर नोंदणीकृत मालकांनी दाद मागावी, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. मालक म्हणजे लिडकॉम आणि लिडकर.

पुढे झालंही तसंच, फक्त कोर्टात नाही, करारात. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांबरोबर करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घ्यायचे, किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन, असं जाहीर झालं. सहकार्य तीन वर्षांचं असून त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही भाग आहे.

कंपनीला एकट्या लिडकॉमशी करार करून भागलं असतं का? व्यवहारात कदाचित भागलं असतं, पण दुसऱ्या सहमालकाला बाजूला ठेवून केलेला सौदा टिकला नसता. संयुक्त नोंदणीमुळेच दोन्ही राज्यांना सौद्यात वजन आलं.

हिशेब मात्र सरळ डोक्याने करायला हवा. २,००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो. ही दुकानातली विक्रीची रक्कम झाली, कारागिराच्या हातात पडणारी मजुरी नव्हे. आणि आठ जिल्ह्यांच्या उत्पादनापुढे २,००० जोड म्हणजे किरकोळ. खरा फायदा झाला तर तो नावाचा होईल. त्या नावाचं पैशात रूपांतर करायचं, तर दर्जा, चाचणी, ओळख आणि पुरवठा या चार गोष्टी आठही जिल्ह्यांत सारख्या लागतील. अडचण नेमकी तिथेच आहे.

सीमा कुठे आडवी येते?

पहिली गोष्ट कराची. जीएसटीमध्ये छोट्या उत्पादकासाठी कंपोझिशन योजना आहे : उलाढालीवर एक टक्का कर भरा, हिशेबाची कटकट कमी. पण या योजनेतल्या माणसाला राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे निपाणीतला कंपोझिशनवाला उत्पादक पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या बेंगळुरूत चप्पल विकू शकतो, आणि सुमारे ४० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात विकू शकत नाही. कागलच्या माणसाला निपाणीचा बाजार असाच बंद. २०२३ मध्ये कंपोझिशनवाल्यांना ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली, तीही राज्याच्या आतच. काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना आंतरराज्य विक्रीसाठी नोंदणीत मर्यादित सवलत आहे. आपला माल त्या यादीत बसतो का, हे करसल्लागाराला विचारूनच ठरवावं.

दराच्या बाबतीत दिलासा मिळालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी १,००० रुपयांपर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के होता. बहुतेक कोल्हापुरी आता ५ टक्क्यांत येतात. मात्र २,५०० च्या वर किंमत गेली, की १८ टक्के लागतात. म्हणजे जो कारागीर चांगलं कातडं आणि बारीक वेणी वापरून महाग माल करायला जाईल, त्याला त्या किमतीवर कराची उडी लागते.

दुसरी गोष्ट योजनांची. नवोन्मेष, स्टार्टअप, लघुउद्योग यांसाठी दोन्ही राज्यांची स्वतंत्र धोरणं आहेत. कर्नाटकाने २०२२ ते २०२७ साठी स्टार्टअप धोरण केलं होतं, महाराष्ट्राने नवं धोरण २०२५ मध्ये आणलं. अनुदान मिळतं ते त्या त्या राज्यात नोंदणी असलेल्या युनिटला. पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणून नियम तसा, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे हलक्या तळाचा किंवा पावसाळ्यात बुरशी न धरणाऱ्या कातड्याचा एखादा प्रयोग कोल्हापुरात यशस्वी झाला, तर तो अथणीत सरकारी मार्गाने पोहोचायला वाटच नाही. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेला ही रेष नाही. त्यात चर्मकार आणि पादत्राणं बनवणारे कारागीर येतात, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, आणि नियम दोन्ही बाजूंना सारखेच आहेत.

तिसरी गोष्ट कातड्याची. महाराष्ट्राच्या २०१५ च्या आणि कर्नाटकाच्या २०२० च्या गोवंशविषयक कायद्यांनंतर इथल्या कातड्याचा पुरवठा बदलला. कायदे वेगळे, म्हशीच्या बाबतीतले नियमही सारखे नाहीत, पण कच्च्या मालाची टंचाई दोन्हीकडच्या कारागिरांना जाणवते. दोघांनी एकत्र कातडं मागवलं तर भाव पाडून मिळेल. आज प्रत्येक जण आपापल्या बाजूने घेतो.

चौथी गोष्ट ओळखीची. लिडकॉमने २०२५ मध्ये क्यूआर कोडची सोय पुढे आणली. कोड स्कॅन केला की चप्पल कुणी, कुठे बनवली ते कळतं. कल्पना उत्तम. पण मानांकन एक असताना कोड, नोंदवही आणि तपासणी आठही जिल्ह्यांत एकाच पद्धतीने व्हायला हवी. नाहीतर कोड असलेली चप्पल ‘खरी’ आणि पलीकडची कोड नसलेली ‘संशयास्पद’, असा समज ग्राहकात पसरायला वेळ लागणार नाही. ज्या कारागिरांसाठी संयुक्त नोंदणी झाली, त्यातल्या निम्म्या जिल्ह्यांवरच ती उलटेल.

एकत्र बसायचं कुठे?

राज्याराज्यांतले प्रश्न सोडवायला १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या. पण महाराष्ट्र आहे पश्चिम विभागीय परिषदेत, गोवा आणि गुजरातबरोबर. कर्नाटक आहे दक्षिण परिषदेत, तमिळनाडू, केरळ, आंध्र, तेलंगणाबरोबर. ज्या दोन राज्यांत इतका जुना वाद आहे आणि ज्यांची एक मालमत्ताही सामाईक आहे, ती दोन राज्यं नेहमीच्या बैठकीत एका टेबलावर येतच नाहीत. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय कायद्यात आहे. पण एका चपलेसाठी ती कोण बोलावणार?

युरोपात ही अडचण एका वेगळ्या प्रकाराने सोडवली. २००६ मध्ये युरोपीय संघाने कायदा करून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नगरपालिका, जिल्हे, प्रांत यांना मिळून एकच कायदेशीर संस्था काढायची मुभा दिली. पहिली संस्था २००८ मध्ये झाली : फ्रान्समधलं लील, बेल्जियममधली कोर्ट्राइक आणि तुर्ने ही शहरं. लील आणि तुर्ने फ्रेंच बोलतात, कोर्ट्राइक डच. बेल्जियमचा भाषावाद किती कडवट आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल. भाषेचा वाद तिथे मिटलेला नाही. तो त्याच्या जागी ठेवून वाहतूक, कामगारांची ये-जा, उद्योग यांसाठी मात्र एक कार्यालय, एक अंदाजपत्रक आणि दोन्ही बाजूंचे सदस्य अशी व्यवस्था केली. सीमेपलीकडच्या अशा कामांना युरोपीय संघ इंटररेग नावाच्या योजनेतून १९९० पासून पैसा देतो. आपल्याकडे दोन राज्यांच्या संयुक्त प्रकल्पासाठी असा वेगळा निधी असेल, तर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना भेटायला कारण मिळेल.

काय करता येईल?

नव्या कायद्याची वाट न बघता होण्यासारखी कामं आहेत.

एक, लिडकॉम आणि लिडकरचा संयुक्त कक्ष. आठही जिल्ह्यांच्या अधिकृत वापरकर्त्यांची एकच यादी, एकच क्यूआर नमुना, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत अर्ज. कार्यालय निपाणीत असो की कागलात, दोन्हीकडच्या कारागिराला सकाळी निघून दुपारी घरी येता यावं.

दोन, चाचणीची सोय. युरोपात मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-सहा हे रसायन किलोमागे ३ मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. बाभूळ-हिरड्याने कमवलेल्या कातड्यात क्रोमियम वापरतच नाहीत. आपली जुनी पद्धत इथे आपोआप वरचढ ठरते, फक्त ते प्रयोगशाळेच्या कागदावर दाखवावं लागतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या मदतीने सीमाभागात एक केंद्र झालं आणि दोन्ही राज्यांच्या कारागिरांना एकच दर लागला, तर नवोन्मेष धोरणाचा खरा उपयोग झाला म्हणता येईल.

तीन, युरोपातली नोंदणी. भारतातला जीआय भारतापुरताच चालतो. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीही जीआयची व्यवस्था सुरू झाली असून बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांना तिथे अर्ज करता येतो. प्राडाच्या वादानंतर कोल्हापुरीसाठी याहून योग्य वेळ नाही. मालक दोन असल्याने अर्जही दोघांनी मिळूनच करायला हवा.

चार, कंपोझिशनचा प्रश्न. विभागीय परिषद वेगळी असली, तरी जीएसटी परिषदेत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघंही बसतात. जीआय मिळालेल्या आणि दोन राज्यांत पसरलेल्या मालाला आंतरराज्य विक्रीची सूट द्यावी, असा प्रस्ताव दोघांनी मिळून मांडला तर तो फेटाळणं कुणालाही जड जाईल.

पाच, कारागिरांची स्वतःची संस्था. बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा २००२ पासून आहे आणि सीमाभागाला तो नवा नाही. पतसंस्था दोन्ही राज्यांत चालू शकतात, तर कातडं एकत्र घेणारी आणि ऑर्डर वाटून घेणारी चर्मकारांची संस्था का नाही?

प्रत्येक कारागिराला आजच करता येईल असं कामही आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवणं. २०२० च्या नियमबदलानंतर त्याचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आलंय. नाव नोंदलेलं असेल तर जीआयचं चिन्ह लावता येतं आणि पुढच्या कुठल्याही करारात आपण मोजले जातो. नाव नसेल, तर मानांकन जिल्ह्याला मिळालं आणि घराला काहीच नाही, अशी गत.

ही घडी चपलेत बसली, तर पुढे वापरता येईल. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे फाउंड्री आहेत. वापरलेल्या वाळूची विल्हेवाट, विजेचा खर्च, कुशल कामगार या दोन्हीकडच्या तक्रारी सारख्याच. द्राक्षबागा सांगलीतही आहेत आणि विजापूर-अथणी पट्ट्यातही, बेदाण्याचा मोठा बाजार मात्र सांगली-तासगावला. या धंद्यांचा माल, माणसं आणि पैसा रोज सीमा ओलांडतो. धोरण तेवढं कागलच्या पुढे कोगनोळी नाक्यावर थांबतं.

प्राडाचा करार तीन वर्षांनी संपेल. तोपर्यंत आठ जिल्ह्यांची एक यादी, एक कोड आणि एक चाचणी केंद्र उभं राहिलं, तर पुढची कंपनी आली तेव्हा तिच्याशी बोलायला आपल्याकडे कुणीतरी असेल. नाही राहिलं, तर २,००० जोड विकले जातील, फोटो निघतील, आणि मदभावीची चप्पल पुन्हा पूर्वीच्याच भावाने चप्पल लाईनला जाईल.